गिऱ्हाइकाचे पाऊल

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कापडाची एक जुनी पेढी आहे. तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु तिच्या गादीवर बसणाऱ्या शेटजींशी माझा परिचय माझ्या लग्नाच्या बस्त्यापासूनचा, म्हणजे आता चाळीस वर्षांचा होत आला, आणि या चाळीस वर्षांत त्यांचे एकच गाऱ्हाणे मी निरनिराळ्या ऋतूंत ऐकत आलो आहे : दारापुढे गाडी लावायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. एकदा घरची मंडळी आत पातळांचे ढीग उलथेपालथे करीत असता, उद्योग नसलेल्या पुरुषाने अशा प्रसंगी जे करावे तेच मी केले, म्हणजे दारातल्या स्टुलावर बसून रस्त्याकडे पाहत राहिलो. दुकानापुढे अकरा गाड्या, बहुतेक स्कूटरी, एकीला एक खेटून उभ्या होत्या. तासाभरात त्यांतल्या दोनच हलल्या. उरलेल्या नऊ जणू जमिनीतून उगवल्याप्रमाणे जागच्या जागी होत्या. मी गुमास्त्याला विचारले, "ही एवढी गिऱ्हाइके आहेत कुठे?" त्याने आत एकवार पाहिले आणि आवाज खाली आणून सांगितले, "गिऱ्हाइकं कुठली, साहेब? या आपल्याच पोरांच्या गाड्या. ती कडेची शेटजींची."

व्यापाऱ्याच्या मनात गिऱ्हाईक आणि गाडी यांचे असे अद्वैत केव्हा झाले असावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला आहे. कारण ज्या नगरीत ही पेढी वसली आहे तिची रचना तरी पायी चालणाऱ्यांसाठीच झाली होती. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची म्हणजे वसविणाऱ्यास कौल मिळे, उदमी मंडळींना काही वर्षांची करमाफी मिळे, शेटे-महाजन नेमले जात, आणि मग दुकानांची रांग उभी राहून सरकारास मोहतर्फा व जकात यांची प्राप्ती सुरू होई. भाव, वजनेमापे आणि गल्लीबोळांतले तंटे यांचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. या साऱ्या व्यवस्थेत रस्त्याची रुंदी हा विषय गौण होता. हत्ती, पालखी आणि बैलावरील गोणी जाईल एवढी वाट असली म्हणजे झाले. मोठे सरदार सोडले तर सारे शहर पायीच चालत असे, आणि पेठ म्हणजे दोन दगडी जोत्यांमधून वाहणारा माणसांचा ओघ, एवढाच तिचा अर्थ होता.

त्या काळच्या दुकानाची बांधणी पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. दर्शनी भागाला दरवाजा नसे. क्रमांक घातलेल्या लाकडी फळ्या असत, त्या सकाळी एकामागून एक खाचेतून काढून भिंतीशी उभ्या करायच्या आणि रात्री त्याच क्रमाने परत बसवायच्या. फळ्या निघाल्या की सारे दुकानच रस्त्याकडे तोंड करून उघडे. आत गादी, लोड, पेटी. पुढे कमरेइतक्या उंचीचा ओटा. गिऱ्हाईक या ओट्याच्या कडेवर टेके, आणि घासाघीस चालू असेपर्यंत त्याचे अर्धे शरीर दुकानात तर पाय रस्त्यावर लोंबत असत. या बसण्यात मला एक फार मोठे व्यापारी शहाणपण दिसते. नुसता चालणारा मनुष्य व्यापाराच्या कामाचा नाही, कारण तो निघून जातो. चालता चालता थांबणारा मनुष्य हवा, आणि त्याला थांबविण्यासाठी आत येण्याचा संकोच पडू देऊ नये. ओटा ही त्या थांबण्याची सोय होती. पुढे रस्तारुंदीकरणात ओटे गेले, फळ्यांच्या जागी लोखंडी शटर आले, त्यामागे काच आली, आणि रस्ता व दुकान यांमधील हा सोयरसंबंध कायमचा तुटला.

लक्ष्मी रस्ता हा त्या रुंदीकरणाच्या युगाचा. पूर्व-पश्चिम असा दाट वस्तीतून काढलेला हा राजरस्ता सायकलींच्या काळात सुखाचा होता. पुण्याची सायकलीवरची संध्याकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना घंटांचा तो किणकिणाट आठवत असेल. सायकलस्वार एक पाय जमिनीला टेकून, खोगिरावरून न उतरताच ओळखीच्या दुकानदाराशी दोन शब्द बोले, आणि तेवढ्यात काचेतले लुगडे त्याच्या डोळ्यांत भरे. स्कूटर आली आणि हे अर्धे थांबणेही गेले. आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडू लागली ती १९७२ साली. तिच्यासाठी मध्यमवर्गीय माणूस वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसत असे, आणि अशी तपश्चर्येने मिळालेली वस्तू दारात लावणारे गिऱ्हाईक हे साहजिकच ऐपतीचे गिऱ्हाईक ठरले. शेटजींच्या मनातील अद्वैताचा उगम बहुधा येथेच असावा. गाडीवरून आलेला तेवढा लक्षात राहतो. पायी आलेल्या दहा जणी गर्दीत मिसळून जातात.

हीच समजूत एका फार दूरच्या शहरात कसाला लागली, आणि तो वृत्तांत इतका उद्बोधक आहे की त्यासाठी थोडी वाट वाकडी करणे भाग आहे. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, नगरभवनाच्या चौकापासून राजाच्या नव्या चौकापर्यंत एकापुढे एक अशा काही जुन्या रस्त्यांची एक साखळी आहे. लांबी सुमारे १.१ किलोमीटर, रुंदी आपल्या बुधवारातील एखाद्या रस्त्याएवढीच. तिला लोक स्ट्रॉयेट म्हणतात, आणि या नावातच रमतगमत फिरण्याचा भाव आहे. मध्यावर जो चौक लागतो तेथे शेजारच्या आमागेर बेटावरील शेतकरी बायका शतकानुशतके भाजीपाला घेऊन बसत. १९५०च्या दशकात मात्र या साखळीत मोटारी अशा दाटल्या की पदपथावरचे लोक भिंतीला चिकटून चालत. नाताळच्या सुमारास एक-दोन दिवस वाहने बंद ठेवण्याचा प्रघात होता. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी नगरप्रशासनातील आल्फ्रेड व्हासार्ड या अधिकारारूढ गृहस्थांनी हा प्रघात जरा लवकर सुरू केला आणि लांबविला. दोन वर्षांचा प्रयोग, एवढेच त्याचे अधिकृत स्वरूप होते.

व्यापाऱ्यांनी जो गहजब केला तो शब्दशः लक्ष्मी रस्त्यावर ऐकू यावा असा होता. गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही तर दुकान नाही. वर्तमानपत्रांनी त्यात हवामानाची व राष्ट्रीय स्वभावाची भर घातली : रस्त्यात रेंगाळणे हा इटालियनांचा धर्म, डेन माणूस थंडीत घराबाहेर बसणारा नव्हे. व्हासार्ड यांना धमक्या आल्या. आपल्याकडे कोणत्याही सुधारणेविरुद्ध "हे आपल्या प्रकृतीला मानवणारे नाही" असा जो आक्षेप निघतो, तो केवळ आपलाच नाही हे पाहून मला अंमळ समाधान झाले. प्रयोगाची मुदत संपण्यापूर्वीच, १९६४ साली, स्ट्रॉयेटवरील मनाई कायम झाली. कारण व्यापार बुडाला नाही, उलट रस्ता माणसांनी भरला.

पण केवळ 'भरला' एवढ्यावर समाधान न मानणारा एक तरुण त्याच शहरात होता. यान गेल हा वास्तुविशारद. त्याची पत्नी इंग्रिड मानसशास्त्रज्ञ, आणि तुम्ही वास्तुविशारद लोक माणसांकडे कधी पाहत का नाही, अशी विचारणा घरातूनच होत असल्यामुळे त्याची सुटका नव्हती. १९६५ साली इटलीतील चौक हिंडून आल्यावर तो स्ट्रॉयेटवर जाऊन बसू लागला. दर मंगळवारी आणि दर शनिवारी, वर्षभर, हातात वही घेऊन. किती माणसे गेली, किती थांबली, कोठे थांबली, उभी राहिली की बसली, याची तो टिपणे करी. एखाद्या जकातनाक्यावरच्या कारकुनाने येणाऱ्या-जाणाऱ्या गोण्यांची नोंद ठेवावी तशी ही माणसांची नोंद होती. तिच्यातून निघालेली माहिती साधी परंतु भेदक आहे. बँका, कचेऱ्या आणि नीरस काचा यांच्यापुढे कोणी थांबत नाही. खेळण्यांचे दुकान, कपड्यांचे दुकान, वर्तमानपत्रांची टपरी, सिनेमाच्या पडवीत लावलेली चित्रे यांच्यापुढे थांबतात; आणि सर्वांत अधिक थांबतात ते दुसरी माणसे काही करीत असतील तेथे. रस्ता खणलेला असला तर मजूर कामावर असताना भोवती घोळका, मजूर जेवायला गेले की खड्ड्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आपल्या मंडईत सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकाभोवती ठिणग्या पाहत उभी राहिलेली पोरे ज्याने पाहिली आहेत त्याला यासाठी डेन्मार्कला जाण्याचे कारण नाही, हे खरे. पण त्याने ते मोजले नव्हते, गेलने मोजले.

या मोजणीचा पुढला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६२ मध्ये कोपनहेगनच्या मध्यभागी मोटारमुक्त जागा होती सुमारे १५,८०० चौरस मीटर. १९९६ पर्यंत ती ९५,००० च्या वर गेली. हे सारे एका दिवसात झाले नाही. गाड्या लावण्याच्या जागा दरसाल दोन-तीन टक्क्यांनी कमी होत गेल्या, इतक्या हळू की भांडायला नेमका मुहूर्त कोणास सापडू नये. ही मुत्सद्देगिरी नाना फडणिसांनाही पसंत पडली असती. आता अपेक्षा अशी की जागा वाढली म्हणजे चालणारे वाढले असतील. परंतु १९६८ आणि १९९५ या दोन वर्षांची टिपणे शेजारी ठेवली तेव्हा दिसले की मुख्य रस्त्यावरून चालणाऱ्यांची संख्या फारशी बदललेली नव्हती, कारण तो रस्ता आधीच भरलेला होता. वाढले होते ते थांबणारे, बसणारे, रेंगाळणारे. आणि ते जागेच्या प्रमाणात वाढले होते, साधारण दर चौदा चौरस मीटर मोकळ्या जागेमागे एक माणूस येऊन विसावत होता. जुन्या पेठेतील ओट्याने जे काम गुपचूप केले होते, तेच येथे बाके आणि उपाहारगृहांच्या बाहेर मांडलेल्या खुर्च्या करीत होत्या. इटालियनांचा म्हणून हिणवलेला धर्म डेन लोकांनी मांडीवर घोंगडी घेऊन स्वीकारला.

व्यापाऱ्याचा हिशेब कोठे चुकतो, याचाही छडा पुढे लागला. ब्रिटनमधील ब्रिस्टल शहराच्या ग्लॉस्टर रोडवर २००६ साली पाहणी झाली. दुकानदारांना विचारले, तुमची शंभरातली किती गिऱ्हाइके मोटारीने येतात? त्यांचा अंदाज ४१. खुद्द गिऱ्हाइकांना विचारल्यावर आकडा निघाला २२. अर्ध्या मैलाच्या आतून येणारी गिऱ्हाइके किती? दुकानदार म्हणाले १२ टक्के, निघाली ४२. हे दुकानदार अडाणी नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या धंदा करणारे होते. पण मनुष्य गादीवर बसून जे पाहतो त्यात त्याच्या स्वतःच्या येण्याजाण्याची वाट नकळत मिसळलेली असते, आणि जो स्वतः गाडीने येतो त्याला सारे जग गाडीनेच येत असल्याचा भास होतो.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की लोखंडी खांब रोवावे, गाड्या बंद कराव्या, आणि लक्ष्मी पाणी भरू लागेल. तसे नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामझू या गावाने १९५९ साली आपल्या बर्डिक स्ट्रीटचे दोन भाग वाहनांना बंद केले. योजना व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाची. गंमत अशी की याच ग्रुएनने तीनच वर्षांपूर्वी मिनेसोटातील एडायना येथे साउथडेल नावाचा छपराखालचा विराट बाजार उभारला होता, ज्याच्या नमुन्यावर गावाबाहेर मोटारतळांच्या समुद्रात बाजार निघाले आणि गावातले बाजार ओस पडले. म्हणजे रोग आणि मात्रा एकाच वैद्याच्या पेटीतली. सुमारे दोनशे अमेरिकन गावांनी मात्रा घेतली, आणि बहुतेकांनी ती पुढे टाकून दिली. कॅलामझूनेही १९९८ मध्ये गाड्यांना पुन्हा वाट दिली. कारण उघड आहे. माणसे तेथे राहतच नव्हती. ती उपनगरांत जाऊन बसली होती, आणि त्यांना आणणारी आगगाडी वा ट्राम उरली नव्हती. चालणाऱ्याला रस्ता मोकळा करून दिला, पण चालणारा कोठून यावा याची तजवीज नव्हती. याउलट जर्मनीतल्या म्युनिकने १९७२ साली, ऑलिंपिकच्या उन्हाळ्यात, मारियनप्लाट्झलगतचा हमरस्ता पायी चालणाऱ्यांना दिला तेव्हा त्याच्या खालून भुयारी रेल्वे धावू लागली होती.

व्यापाऱ्यांच्या तक्रारींत एक तक्रार मात्र नेहमी खरी असते, ती मालाची. गिऱ्हाईक पायी येईल, गठ्ठे पायी येत नाहीत. रॉटरडॅमचा मध्य १४ मे १९४० च्या जर्मन बाँबवर्षावात भस्मसात झाल्यावर तेथे १९५३ मध्ये लाइनबान हा नवा बाजार बांधला, तेव्हा व्हान डेन ब्रुक आणि बाकेमा या वास्तुविशारदांनी दुकानांच्या पाठीमागे मालाची स्वतंत्र वाट ठेवली. जळालेल्या भूमीवर हे शक्य होते. जेथे वाडे पाठीला पाठ लावून उभे आहेत तेथे पाठीमागे वाट कोठून येणार? तेथे घड्याळाचाच आश्रय करावा लागतो : माल सकाळच्या ठरावीक तासांत, मग माणसे. ज्या नगरपालिकांनी हा तपशील हलका मानला त्यांच्या योजना टेम्पोच्या चाकाखाली गेल्या.

आणि स्ट्रॉयेटच्या विजयाची एक बाजू अशी आहे की तिच्याविषयी उत्साही लेखक सहसा आखडते घेतात. रस्ता माणसांनी भरला, तसे भाडेही भरले. चालणाऱ्यांचा ओघ अखंड झाल्यावर त्या ओघाकाठची जागा सोन्याची झाली, आणि सोन्याच्या जागेत बसून पाव किंवा मटण विकणे परवडेना. शेजारपाजाऱ्यांना लागणाऱ्या जिनसांची दुकाने पांगली. त्यांच्या जागी जगभर एकाच तोंडवळ्याची कपड्यांची दुकाने आणि प्रवाशांना आठवणी विकणारी दुकाने आली. म्हणजे १९६२ चा दुकानदार भ्याला तो चुकीच्या कारणाने. गिऱ्हाईक येणार नाही ही त्याची भीती खोटी ठरली. गिऱ्हाईक इतके येईल की आपणच उरणार नाही, ही भीती त्याला शिवलीही नव्हती. गाडी काढल्याने व्यापार वाढतो हे मला मान्य आहे; मात्र वाढतो तो कोणाचा, हे भाडेचिठ्ठी ठरवते, आणि तिच्याविषयी एकही पादचारी-धोरण तोंड उघडत नाही.

पुणे महानगरपालिकेनेही २०१६ मध्ये असे एक पादचारी-धोरण मंजूर केले. त्याच सुमारास रस्त्यांच्या आखणीचे नवे नियम झाले, जंगली महाराज रस्त्यावरचे पदपथ रुंद झाले, त्यांवर बाके आली. लक्ष्मी रस्त्याची पाळी आली ती ११ डिसेंबर २०२१ रोजी : नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा भाग एका दिवसापुरता पायी चालणाऱ्यांना देऊन पादचारी दिन साजरा झाला, आणि पुढील वर्षांतही त्या तारखेस तो होत राहिला. यात अपूर्व काही घडले असे कोणी समजू नये. विसर्जन मिरवणुकीसाठी हाच रस्ता दरवर्षी बंद होतो. मंडईपासून अलका चौकापर्यंत मानाचे पाच गणपती याच वाटेने जातात, आणि तेव्हा कोणी व्यापारी अर्ज घेऊन धावत नाही. शिवाय या रस्त्याला लागूनच तुळशीबाग आहे. नारो आप्पाजी खिरे यांनी पेशवाईत उभारलेल्या राममंदिराभोवती पितळी पूजासाहित्य, बांगड्या, भातुकलीची भांडी यांची ती दाटी. तेथे गाडी आत नेण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. पाऊल टाकायला जागा नसते, हीच त्या बाजाराची कीर्ती. खांद्याला खांदा घासत बाई पुढे सरकते, दर दोन पावलांवर थांबते, आणि जे घेण्यासाठी आली ते सोडून दुसरेच चार जिन्नस घेऊन बाहेर पडते.

पादचारी दिनाच्या दुपारी मी मुद्दाम शेटजींच्या दुकानी गेलो. रस्त्याच्या मधोमध मुलांचे खेळ चालले होते, आणि जेथे एरवी त्या अकरा गाड्या उभ्या असत तेथे दोन वृद्ध जोडपी बसून पेरू खात होती. शेटजी गादीवर नव्हते. गुमास्ता म्हणाला, "आज त्यांना गाडी पार तिकडं लावावी लागली, चालत येतायत." पंधरा मिनिटांनी शेटजी आले, घाम पुशीत आणि नगरपालिकेचा उद्धार करीत. "माणसं पुष्कळ आहेत हो," ते म्हणाले, "पण घेतंय कोण? नुसती हिंडतात." गल्ल्याची गोष्ट मी काढली तेव्हा, ती रात्री मोजल्यावर कळेल, असे म्हणून त्यांनी हातातली कापडी पिशवी लोडाशी ठेवली. ती कलंडली, आणि तिच्यातून एक पितळी निरांजन, वेलदोड्यांची पुडी आणि नवी कोरी किसणी गादीवर आली. "ही कुठली?" मी विचारले.

"तुळशीबागेच्या तोंडाशी एक पोरगा बसतो," शेटजी किसणी उजेडाकडे धरीत म्हणाले. "केव्हापासून बसतो कोण जाणे. आज दिसला."